मेक्सिकोच्या आदिवासी लोककलेची आवड आहे, तिचा व्यवसाय करता येईल का?
हो, नक्की येईल; पण सगळा मेक्सिको विकायला न काढता एका गावाची एकच कला धरा आणि माल थेट कारागिरांकडून रोखीने घ्या. ओआहाका राज्यात हे सोपं जातं, कारण तिथे गावागणिक कला ठरलेली: तेओतितलान देल व्हायेत सापोतेक या आदिवासी समाजातल्या विणकरांचे लोकरी गालिचे, सान बार्तोलो कोयोतेपेकमध्ये काळी मातीची भांडी, सान मार्तीन तिलकाहेतेत कोपाल लाकडाचे रंगीत प्राणी. मी म्हणेन, गालिच्यापासून सुरुवात करा. तो वाटेत फुटत नाही. काळी भांडी फार देखणी, पण चकचकीत भांड्यातून पाणी झिरपतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. मात्र या कारागिरांची नक्षी उचलून दुसरीकडे स्वस्तात छापून घेऊ नका. त्या समाजाच्या संमतीशिवाय असा वापर मेक्सिकोत २०२२च्या कायद्याने दंडनीय आहे.