स्वप्नात माहीत असतं की हे स्वप्न आहे, तरी भावाशी भांडतो

प्रश्न : ताई नमस्कार. मी रावेर तालुक्यातला, केळीवाला. रोज पहाटे माळ जपतो. आमच्याकडे शेतीची लाइट रात्रीची, म्हणून तीनच्या सुमारास उठून मोटर चालू करतो आणि परत आडवा होतो. हल्ली त्या झोपेत मला चक्क कळतं की हे स्वप्न चाललंय. आधी मजा वाटली, बागेवरून उडून पण पाहिलं. पण आता दरवेळी मोठा भाऊ येतो. बांधावरून आमचं बोलणं बंद आहे. स्वप्न आहे हे माहीत असून मी त्याला नको नको ते बोलतो, एकदा तर हात उचलला. मग माळ हातात घ्यायची लाज वाटते. ओळखीचे एक महाराज म्हणतात ही सिद्धी आहे, वाढव. मधे एकदा जाग आली पण हातपाय हलेनात, जाम घाबरलो. याचं पाप लागतं का?

उत्तर : भाऊ, आधी त्या सिद्धीचं बोलू, कारण मला जास्त काळजी त्याचीच वाटते. स्वप्नं जास्त करून ज्या झोपेत पडतात ती पहाटेकडे लांबत जाते, आणि मधेच उठून थोडं जागून परत झोपलं की स्वप्नात भान यायची शक्यता वाढते. लोक यासाठी मुद्दाम गजर लावतात, तुमच्याकडे ते काम मोटर करतेय एवढंच! इंग्लंडमध्ये कीथ हर्न या संशोधकाने १९७५ साली हे तपासलं, झोपलेल्या माणसाने स्वप्नातूनच ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती मशीनवर उमटली. त्या झोपेत अंग ढिलं पडलेलं असतं पण डोळे हलतात म्हणून हे जमलं. तुमचे हातपाय हलेनात तेही त्यातलंच, मेंदू जागा झाला आणि अंग अजून झोपेत. भूतबीत काही नाही. घाबरून झटापट करू नका, सावकाश श्वास घ्या, एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा, सुटतं ते. वारंवार व्हायला लागलं किंवा दिवसा नको तिथे डोळा लागायला लागला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता साधनेचं. पतंजलींनी स्वप्नातलं ज्ञानसुद्धा मन स्थिर करायला आधार म्हणून चालतं असं सूत्रात म्हटलंय, तुकोबांना गुरूचा उपदेश स्वप्नातच झाला, म्हणजे आपल्याकडे स्वप्न काही टाकाऊ नाही. पण सिद्धींचं काय होतं हे मुक्ताईनगरच्या शेजारच्या तुम्हाला मी काय सांगणार, वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना वयाने एवढीशी मुक्ताबाई गुरू करावी लागली.

पाप लागत नाही. पण "स्वप्नच आहे ना" म्हणून सोडूनही देऊ नका, कारण तिथे बघणारं कोणी नाही हे माहीत असताना तुम्ही हात उचललात, म्हणजे राग बांधापेक्षा मोठा आहे, आणि माळ ओढताना तो खाली दाबला जातोय असं मला वाटतं. तिबेटी बौद्धांमध्ये स्वप्नाची रीतसर साधना आहे, तिच्यात स्वप्नात जे भिववतं त्याच्यापासून पळायचं नसतं, हे आपलंच मन आहे असं ओळखून त्याला सामोरं जायचं. तुम्ही एवढंच करा, पुढच्या वेळी भाऊ दिसला की उडून जाऊ नका, शिव्या पण नकोत, त्याला विचारा तुला काय पाहिजे आणि ऐकून घ्या. जे ऐकू येईल ते तुमच्याच मनातलं असेल हं, भावाचा निरोप समजून सकाळी त्याच्या दारात जाऊ नका. लाज वाटते म्हणून माळ चुकवू नका, त्याच लाजेसकट बसा.

आणि बांधाचा निकाल स्वप्नात लागत नसतो. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, पण त्याआधी भावाला स्वतः फोन करून सांगा, नाहीतर लगतदार, म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक म्हणून त्याच्या हातात डायरेक्ट नोटीस पडेल आणि अजून बिनसेल.