मुसोलिनी पंतप्रधानाचा हुकूमशहा कसा झाला?

एका झटक्यात नाही. १९२२ ते १९२६ या चार वर्षांत, दहशत आणि संसदेनेच मंजूर केलेले कायदे यांच्या जोरावर. इटलीच्या राजाने त्याला पंतप्रधान नेमलं तेव्हा त्याच्या फॅसिस्ट पक्षाचे जेमतेम ३५ खासदार होते. कळीचा ठरला १९२३चा आचेर्बो कायदा: किमान २५ टक्के मतं मिळवून पहिल्या आलेल्या उमेदवार-यादीला थेट दोन तृतीयांश जागा. जून १९२४मध्ये मात्तेओत्ती या समाजवादी खासदाराचा फॅसिस्टांनी खून केल्यावर विरोधकांनी सभागृहावर बहिष्कार टाकला. माझ्या मते ही त्यांची घोडचूक, कारण मुसोलिनीला काढायला राजा हललाच नाही आणि मैदान मोकळं झालं. पुढचं भराभर घडलं:

- डिसेंबर १९२५: सरकारप्रमुख संसदेला नव्हे, फक्त राजाला जबाबदार
- नोव्हेंबर १९२६: विरोधी पक्षांवर बंदी, राजकीय खटल्यांसाठी विशेष न्यायालय

मात्र राजाचा बडतर्फीचा अधिकार शाबूत राहिला. जुलै १९४३मध्ये त्याने तोच वापरला.