मे महिन्यात अंदमानला जाताना गच्चीवरच्या कुंड्यांना टायमर लावावा की शेजाऱ्यांना सांगावं?

तुम्ही विचारलंय की मेमध्ये आठ दिवस अंदमानला जाताय, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, तर टायमरवाला ठिबक सेट लावून जावं की शेजाऱ्यांना सांगावं, आणि तिकडून कुठली रोपं आणता येतील.

शेजाऱ्यांना सांगा. टायमर नको. दोन ओळींत उत्तर झालं असतं पण ह्याच प्रश्नावरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

आम्हीपण मेमध्येच गेलो होतो. सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांची कोठडी डोळ्यांनी बघायची हे त्यांचं फार वर्षांपासूनचं, आणि मुलांच्या परीक्षा संपल्याशिवाय निघता येत नाही, त्यामुळे मे. पुण्यातला मे कुंड्यांना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मी आमच्या बिल्डिंगमधल्या बाईंना विचारणार होते, बाई म्हणजे रिटायर्ड शिक्षिका, सी विंगला राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. आम्ही चारपाच बागवाल्या रोज संध्याकाळी गच्चीवर भेटतो, कुणाच्या सासूबाईंचा गुडघा, कुणाची सून माहेरी गेलीये, कुणाच्या मुलाला बारावीला किती पडले, हे सगळं मोगऱ्याची छाटणी करता करता चालतं आणि मध्येच कुणीतरी म्हणतं अगं तुझ्या जास्वंदीवर मिलीबग पडलाय, बघितलंस का. असं असताना झाडं सांभाळायला माणूस शोधायचा प्रश्न येतोच कुठे?

तर भाऊजी म्हणाले, वहिनी, चार कुंड्यांसाठी लोकांच्या हातापाया पडायचं सोडा आता. आणि ऑनलाइन सेट मागवून स्वतः रविवारी येऊन जोडून गेले. प्रेमानेच केलं, ते मी कधीच नाकारलं नाही. पण मी तरीही बाईंना किल्ली दिली, आणि ते कळल्यावर भाऊजींना राग आला की माझ्या कामावर विश्वास नाही.

आता काय झालं ते ऐका. बऱ्याच स्वस्त टायमरमधला व्हॉल्व्ह पाण्याच्या प्रेशरवरच उघडतो आणि बंद होतो, त्याला साधारण अर्धा बार तरी प्रेशर लागतं. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार, म्हणजे अर्ध्या बारला टाकी नळापेक्षा पाच मीटर वर पाहिजे. आमची टाकी जिन्याच्या डोक्यावर आहे, तिथून गच्चीवरच्या नळापर्यंत पाच मीटर कुठून येणार! घरातल्या नळाला चालणारी वस्तू गच्चीवर तशीच चालेल असं नसतं. व्हॉल्व्ह उघडला तो नीट बंदच झाला नाही, नळाजवळच्या कुंड्यांत रात्रंदिवस पाणी झिरपत राहिलं आणि कठड्याकडच्या शेवटच्या कुंड्यांपर्यंत काहीच पोचलं नाही. त्यात आमच्याकडे टँकरचं पाणी, ड्रिपरच्या, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी क्षार साचतात ते वेगळंच. बाई सकाळी वर गेल्या तर अडेनियम, ज्याला जास्त पाणी सोसतच नाही, ते चिखलात उभं आणि कढीपत्त्याच्या पलीकडची मिरची मान टाकून. त्यांनी कॉक बंद केला, अडेनियम कुंडी आडवी करून निथळायला ठेवलं, मिरच्या टाकीच्या सावलीत ओढल्या आणि पुढे रोज झारीने पाणी घातलं. सत्तरीच्या बाई आहेत. हे कुठला टायमर करतो सांगा मला.

भाऊजी आजही म्हणतात की मी फिल्टर बसवायला सांगितला होता. फिल्टरने ड्रिपर साफ राहतील हो, प्रेशर कसं वाढेल?

आणि अंदमानचं एक सांगते जे टूरवाले सांगत नाहीत. मेच्या उत्तरार्धात जाणार असाल तर आठचे दहा दिवस धरा. पेपरात दरवर्षी आपण वाचतो ना "मान्सून अंदमानात दाखल", तो तिथे साधारण २० ते २२ मेच्या आसपासच पोचतो, आणि समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी बंद. आम्ही नील बेटावर अडकलो, आता त्याचं नाव शहीद द्वीप आहे, २०१८ मध्ये बदललं, पण तिथले लोक नीलच म्हणतात. विमान चुकलं, तिकिटं पुढे ढकलली, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्या, आणि अशा वेळी निदान झाडांची काळजी नव्हती कारण बाई होत्या. फोनवरून टायमर चालवायचं ॲप असतं म्हणतात, पण चेन्नईहून २०२० मध्ये समुद्राखालून केबल आली तरी लहान बेटांवर रेंजचा भरवसा धरू नका. बाई रोज फोटो टाकत होत्या ते सगळे आम्हाला पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) परत आल्यावर एकदम मिळाले.

पण नीलला अडकलो ते माझ्यासाठी चांगलंच झालं. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मग संध्याकाळ फार मोठी असते, करायला काही नसतं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित आणून वसवले त्यातलं कुटुंब. नील म्हणजे अंदमानची भाजीची वखारच, तिथली भाजी बाकी बेटांवर जाते. त्यांच्या अंगणात सुपारी, नारळ, केळी आणि स्वयंपाकघराच्या मागे बांबूच्या मांडवावर आपला मायाळू! जाडजूड देठ, पानं तळहाताएवढी. त्या पुईशाक म्हणतात, देठासकट चिरून भोपळा आणि कोळंबी घालून करतात. मी म्हटलं आम्ही पानांची भजी करतो, तर त्यांनी लगेच पानं खुडून आणली आणि म्हणाल्या करून दाखव. बेसनात ओवा चुरडून घातला, पानं एकेक बुडवून सोडली, बाहेर पाऊस कोसळत होता. मला बंगाली येत नाही, त्यांची हिंदी आणि माझी हिंदी, पण सासू, सून, मुलाची नोकरी, गोगलगायींनी खाल्लेली पालकाची रोपं, सगळ्यावर बोलून झालं. त्यांनी एक सांगितलं जे मी आता इथेही करते. बेटावर इतका पाऊस पडतो पण फेब्रुवारी ते एप्रिल विहिरी खाली जातात, तेव्हा तांदूळ धुतलेलं, मासे धुतलेलं पाणी थेट झाडांना, आणि बुंध्याशी नारळाच्या सोडणांचा थर, उपडी करून. सोडण पाणी धरून ठेवतं आणि खालची माती उन्हाने तापत नाही. आपल्याकडे शहाळेवाल्याकडे ढीग पडलेला असतो, फुकट मिळतात.

तेव्हा कुंड्यांचं असं करा. दोन दिवस आधी सगळ्या एकत्र सावलीला आणा, खेटून ठेवा, वर सोडणं किंवा वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. खत आता अजिबात नको. अडेनियम, स्नेक प्लांट, कोरफड वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि पाणी घालणाऱ्याला स्पष्ट सांगा की इकडे बघायचंसुद्धा नाही. कुंड्यांखाली ताटल्या भरून ठेवून जायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, साचलेल्या पाण्यात आठदहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. मिरच्या, मोगरा, गवती चहा जे येईल ते सांभाळणाऱ्याने तोडून न्यायचं, हे आपणहून सांगा, ते स्वतः होऊन तोडत नाहीत.

रोपांचं म्हणाल तर जंगलातून, किनाऱ्यावरून काही उपटून आणू नका, शंख-प्रवाळ तर नाहीच नाही, प्रवाळ वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. पडौक, म्हणजे तिथल्या जंगलातली ती उंच झाडं, तिथेच मान वर करून बघा.

हां, ठिबक सरसकट वाईट असं माझं म्हणणं नाही. जमिनीतली झाडं असतील, फार्महाउस असेल, किंवा नव्या सोसायटीत खरंच कुणाशी ओळख नसेल तर लावा, पण बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्या, तो कमी प्रेशरला चालतो, आणि निघायच्या आधी चांगले आठ दिवस तुम्ही घरात असताना चालवून बघा. पण ओळख असताना "कुणाचे उपकार नकोत" म्हणून लावत असाल, तर ते मला पटत नाही. बाई मागच्या दिवाळीत मुलीकडे नागपूरला गेल्या तेव्हा त्यांच्या कुंड्या मी सांभाळल्या. ह्यात उपकार कुठे आले? भाऊजी हे वाचतील, त्यांना लिंक पाठवणार आहे.