समोरचा कागद काढल्यावर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

स्वरलिपीचा कागद समोरून काढून मनाने काही वाजवायला गेले की बोटे थिजतात, असे तू लिहिले आहेस. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी कोणतीही वाजवण्याची मुभा तुला आहे आणि अडचण नेमकी तीच आहे. म्हणून पहिले काही आठवडे ती मुभाच काढून घेऊ.

फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजव. हार्मोनियमवाले जिला काळी तीन म्हणतात तिला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीला, षड्ज (सा) मानलेस, तर त्या पट्ट्यांत भूप रागाचे सा, रे, ग, प, ध बरोबर बसतात आणि मध्यम-निषाद नसल्यामुळे खटकणारा अर्ध्या स्वराचा शेजार कुठेच येत नाही. डाव्या हाताने सा आणि प आलटून पालटून, संथ चार मात्रांत वाजवत राहा. हे तानपुऱ्यासारखे वाटले तरी पियानोचा स्वर आघात होताच विरू लागतो आणि त्यावर मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) घेता येत नाही. त्यामुळे गायकाप्रमाणे एका स्वरावर दीर्घकाळ विसावता येत नाही आणि लय डाव्या हातालाच वाहावी लागते. घरातल्या कोणाशी बोलत असतानाही डावा हात चुकेनासा होईपर्यंत उजवा हात मांडीवर ठेव. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग काही सुचतच नाही अशी तक्रार करतात. प्रत्यक्षात सुचलेले असते, पण तेवढ्यात डावा हात कोलमडतो.

त्यानंतर उजव्या हाताला सा, रे, ग एवढेच दे. एक लहान वाक्य आधी गुणगुणून मग वाजव, तितक्याच मात्रा गप्प राहा आणि तेच वाक्य शेवट बदलून पुन्हा म्हण. नको ती पट्टी लागली तर न थांबता पुढच्या आवर्तनात ती मुद्दाम घे, म्हणजे ऐकणाऱ्याला ती ठरवून घेतल्यासारखी वाटते. (ही लबाडी मी अजूनही करतो.)

हे जमले की पांढरी दोनपासून (दोन काळ्या पट्ट्यांच्या मधली पांढरी) वरच्या पांढरी दोनपर्यंत सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजव. तो काफी थाट (सात स्वरांचा एक साचा) आहे आणि पाश्चात्त्य संगीतात त्यालाच डोरियन म्हणतात. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधील ‘सो व्हॉट’ ही रचना ऐक. तिच्या ३२ बारांच्या (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) आवर्तनात पहिले १६ बार हेच सप्तक आहे, पुढचे ८ बार तेच अर्ध्या स्वराने वर चढते आणि शेवटचे ८ बार मूळ जागी परतते. एवढ्या भांडवलावर त्यात साथीला असलेल्या बिल एव्हान्स यांचा पियानो किती मोजके बोलतो, याकडे कान दे. बारा बारांच्या ब्लूजची (जॅझमधला एक प्रचलित साचा) घाई करू नकोस, कारण तिथे डाव्या हाताला कॉर्डही (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) बदलावे लागतात.

रोज १० मिनिटे वाजवून फोनवर ध्वनिमुद्रण कर. मात्र ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐक. त्यातले एक वाक्य निवडून पुढच्या तासाला मला वाजवून दाखव.

तुझा,
शिक्षक