ओमानमध्ये एक आठवडा : काय पाहावे, काय चाखावे?

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त मस्कतला राहते. जानेवारीत आम्ही उभयता आठवडाभरासाठी प्रथमच तिच्याकडे जात आहोत. मी मांसाहार करतो, पत्नी पूर्ण शाकाहारी आहे. मॉलखेरीज काय पाहावे आणि तेथील पारंपरिक पदार्थ दोघांनाही कसे चाखता येतील?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जानेवारी हा ओमान पाहण्यासाठी उत्तम महिना आहे. मस्कतसाठी दोन दिवस ठेवावेत. २००१ साली खुली झालेली सुलतान काबूस मशीद बिगरमुस्लिम पाहुण्यांना शुक्रवार वगळता सकाळी आठ ते अकरा या वेळेत पाहता येते. स्त्रियांनी डोके, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले असावेत, म्हणून मोठी ओढणी सोबत असू द्यावी. संध्याकाळी मत्रहच्या जुन्या बाजारात ऊद आणि लोबान यांच्या वासातून हिंडावे.

मात्र गुरुवारचा मुक्काम आवर्जून निझवा येथे करावा. मस्कतहून सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या या गावात शुक्रवारी सकाळी जनावरांचा बाजार भरतो आणि गोलाकार बसलेल्या गिऱ्हाइकांसमोरून मालक आपापल्या शेळ्या फिरवत बोली घेतात. शेजारच्या सतराव्या शतकातील किल्ल्यात खजुराचे कोठार पाहायला विसरू नका. पोत्यांच्या थप्प्यांच्या भाराने पाझरणारा रस जमिनीतल्या पन्हाळींतून गोळा केला जाई आणि हाच रस उकळवून दरवाजांवरील छिद्रांतून शत्रूवर ओतण्याची सोय या किल्ल्यात होती.

आपल्या शहराला मलिक अंबरची नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा जुना कालवा, लाभली असल्यामुळे आपल्याला निझव्याजवळचा ‘फलज दारिस’ हा कालवा पाहताना विशेष आनंद होईल. डोंगराच्या पोटातील पाणी केवळ उताराच्या आधारे गावापर्यंत आणणारे हे कालवे ओमानमध्ये सुमारे ३००० ठिकाणी अजून वाहते आहेत. त्यांपैकी पाच कालव्यांचा २००६ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पाण्याची वाटणी वेळेच्या हिशेबाने होते आणि पूर्वी ती वेळ दिवसा सावलीवरून व रात्री ताऱ्यांवरून मोजत. मिस्फात अल अब्रियीन या डोंगरी खेड्यात तर हे पाणी पायवाटेच्या कडेने, खजुराच्या बागांमधून खळाळते. माझ्या मते ओमानचे जेवण समजून घेण्याची सुरुवात या बागांपासूनच करावी.

आपल्यासाठी पहिला पदार्थ म्हणजे शुवा. मसाला चोळलेले मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर ठेवतात, खड्डा बंद करतात आणि एक ते दोन दिवसांनी उघडतात. हा मुळात ईदचा पदार्थ आहे. गावाचा खड्डा बहुधा सामाईक असतो. पारंपरिक ओमानी भोजनालयांत शुवा एरवीही मिळतो. रस्त्याकडेला निखाऱ्यांवर भाजलेले मिश्काक, म्हणजे सळईत ओवलेले मांसाचे तुकडेही अवश्य खावेत.

पत्नींच्या बाबतीत मात्र सावध राहावे. नुसता दिसणारा भातही अनेकदा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो आणि हरीसमध्ये गव्हाबरोबर मांस घोटलेले असते, म्हणून दोन्हींविषयी आधी विचारून घ्यावे. त्यांच्यासाठी कागदासारखी पातळ ‘रखाल’ भाकरी मधासोबत घ्यावी. खरी मेजवानी हलव्याची आहे. साखर, स्टार्च, तूप, केशर, वेलची आणि गुलाबपाणी तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास घोटून तो करतात. आपल्या ओळखीच्या कराची हलव्यापेक्षा तो मऊ व चिकट असतो. त्यात पडणारे गुलाबपाणी जबल अखदर या डोंगरावरच्या फुलांचे असेल तर त्याला किंचित धुरकट वास येतो. फुलांचा हंगाम वसंतात असल्याने जानेवारीत ताटवे दिसणार नाहीत, पण गुलाबपाण्याची बाटली निझव्याच्या बाजारात मिळेल. त्या डोंगरावर जायचे असल्यास फोर व्हील ड्राइव्ह गाडी बंधनकारक आहे.

कोणाकडे गेलात तर खजूर आणि वेलची घातलेला बिनसाखरेचा कहवा, म्हणजे अरबी कॉफी, समोर येईल. दोन्ही उजव्या हाताने घ्यावेत. पेला रिकामा होताच यजमान तो पुन्हा भरतात. नको असेल तेव्हा परत देताना तो हातात हलकेच हलवावा.