वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनालॉग संगणन खरेच कालबाह्य झाले का?

प्रश्न : अ‍ॅनालॉग संगणक इतिहासजमा झाले, असे आम्हाला महाविद्यालयात शिकवले गेले. आता मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अ‍ॅनालॉग चिप तयार होत असल्याचे वाचनात येते. हे मागे जाणे नव्हे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही पद्धतींतला मूळ फरक संख्या कशी धरली जाते, याचा आहे. डिजिटल यंत्र संख्या शून्य आणि एक या अंकांत मांडून पायरीपायरीने हिशोब करते. अ‍ॅनालॉग यंत्रात संख्येची जागा एखादी लांबी, कोन किंवा विद्युतदाब घेतो आणि हिशोब निसर्गनियमच करून देतो.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण म्हणजे भरतीओहोटीचे यंत्र. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ते 1872-73 च्या सुमारास बनवून घेतले. चंद्रामुळे पाण्याचा एक चढउतार सुमारे 12 तास 25 मिनिटांनी होतो, तर सूर्यामुळे 12 तासांनी. असे अनेक चढउतार एकत्र येऊन बंदरातली पाण्याची पातळी ठरते. यंत्रात अशा प्रत्येक चढउतारासाठी वरखाली होणारी एक कप्पी असे आणि सगळ्या कप्प्यांवरून एकच तार ओवलेली असे. हँडल फिरवले की तारेचे टोक त्या सर्वांची बेरीज करून कागदावर वक्ररेषा काढी. भारतातील बंदरांसाठी 1879 मध्ये लंडनला असेच यंत्र तयार झाले आणि मुंबईच्या भरतीची कोष्टके त्याच्यावर निघत.

मात्र तार ताणली जाते, दंतचक्रे झिजतात, विद्युतदाब तापमानाने सरकतो. त्यामुळे अशा यंत्राची अचूकता तीन-चार अंकांपलीकडे फारशी जात नाही. डिजिटल यंत्रात हवे तितके अंक वाढवता येतात, संकेतातल्या किरकोळ विद्युत गोंगाटाने शून्याचा एक होत नाही आणि काम बदलायचे तर केवळ प्रोग्राम बदलावा लागतो. डिजिटलचा विजय याच कारणांनी झाला आणि तो रास्तच होता.

आज परिस्थिती एका विशिष्ट कामापुरती बदलली आहे. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया असलेल्या न्यूरल नेटवर्कमध्ये गुणाकार आणि बेरजा प्रचंड प्रमाणात कराव्या लागतात, पण त्यातला प्रत्येक आकडा अगदी काटेकोर असण्याची गरज सहसा नसते. शिवाय डिजिटल चिपमध्ये गुणाकारापेक्षा मेमरीतून आकडे आणण्या-नेण्यातच पुष्कळदा अधिक ऊर्जा जाते. अ‍ॅनालॉग चिपमध्ये आकडा मेमरीच्या पेशीतच विद्युतवाहकतेच्या रूपाने बसलेला असतो. तिला विद्युतदाब दिला की ओहमच्या नियमाने (प्रवाह = विद्युतदाब × वाहकता) गुणाकार होतो आणि एकाच तारेत येणारे प्रवाह आपोआप बेरजेत जमतात. कप्प्यांवरची ती तारच जणू येथे पुन्हा भेटते, म्हणून हे मागे जाणे आहे असे मला वाटत नाही.

तरीही बाहेरचे जग डिजिटल असल्याने आत जाताना आणि बाहेर पडताना संकेतांचे रूपांतर करावे लागते आणि त्यालाही वीज लागते. ऊर्जाबचतीचे मोठे आकडे वाचताना हा खर्च त्यांत धरला आहे का, हे तुम्ही अवश्य तपासावे.