उन्हाळ्यात दुपारी गाडी ओढत नाही, हा भास की खरंच?

सांगलीत एप्रिलच्या दुपारी तुमची पेट्रोल गाडी पिकअप घेत नाही, थंडीतल्या पहाटे तीच सुसाट पळायची, आणि मेकॅनिक म्हणतो गाडीत काही नाही. भास आहे का, असं विचारलंय तुम्ही. भास नाही, फरक खरा आहे.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सिलेंडरमधली जागा ठरलेली. हवा तापून विरळ झाली की त्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो, मग इंजेक्टरही पेट्रोल कमी सोडतो. ढोबळ हिशेब असा: ३ अंश वाढले की हवा १ टक्का विरळ. डिसेंबरच्या पहाटे १३ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ४०, म्हणजे जवळपास ९ टक्के. शिवाय गरम हवेत नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसणं, लवकर होतं, ते टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. तिथेही ताकद जाते. वर एसीचा भार. छोट्या इंजिनाला हे सगळं मिळून चांगलंच जाणवतं. सपाट रस्त्यावर साठच्या वेगात मात्र कळणारही नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरच कळतं.

पण फरक फार वाटत असेल तर नुसत्या उन्हाला दोष देऊ नका. मी साताऱ्याचा. एका मे महिन्यात पसरणी घाटात माझी भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवरही रडत होती. आधी वाटलं ऊन आणि चढ, दुसरं काय. पाचगणीत बॉनेट उघडलं तर जाळीमागून एअर फिल्टरला हवा आणणारा पाइप निसटून रेडिएटरच्या पंख्यामागे लोंबत होता. आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालं होतं, तेव्हा क्लिप लावायची राहिली होती. पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर तव्यावर धरल्यासारखी झळ. बाहेर ३५ अंश असतील, इंजिन कितीतरी जास्त तापलेली हवा ओढत होतं. पाइप जागेवर बसवला, क्लिप दाबली आणि पुढच्या चढाला गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढली.

वर महाबळेश्वरला गारवा असतो, तरी तिथे ताकद वाढेल असं समजू नका. उंची साधारण १३५० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा हवेचा दाबच १५ टक्क्यांच्या आसपास कमी. गारव्याने त्यातलं थोडंच भरून निघतं.

टर्बो डिझेल असेल तर इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा भाग, बघा. तुमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे चालून पुढच्या जाळीत पाचट आणि धूळ अडकते. ती मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने काढा. जोरात फवारा मारला तर पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि मग हवा जायला वाटच उरत नाही.